अकरा जणांची जागा

कर्नलसाहेबांचा फोटो तिसऱ्यांदा काढला जात होता. पहिल्या फोटोत ट्रकचा नंबर दिसत नव्हता, दुसऱ्यात साहेबांचं पोट दिसत होतं. तिसऱ्या वेळी साहेबांनी एक पाय ट्रकच्या पायरीवर ठेवला, नजर लांब डोंगरावर लावली आणि श्वास कोंडून धरला. लढाईच्या अठराही दिवसांत हा ट्रक फाटकाबाहेर गेला नव्हता, पण फोटोत ते दिसायची काही सोय नव्हती.

हँगरच्या दारात मिस्त्री चिंधीने हात पुसत उभा होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी तो पुसतच होता. बावीस वर्षं त्याने हेलिकॉप्टरं दुरुस्त केली होती. त्याच्या शिक्क्याशिवाय या तळावरून एकही मशीन उडत नसे, आणि तेवढ्या एका शिक्क्याच्या जोरावर तो भल्याभल्यांना मनातल्या मनात कस्पटासमान लेखत असे. कर्नलसाहेबांना तर तो कस्पटाइतकीही किंमत देत नव्हता.

साहेबांना पदक मिळणार होतं. कारण काय, तर वेढलेल्या चौकीवरून पंचवीस जखमी त्यांनी ट्रकमधून, भर माऱ्यात, रस्त्याने खाली आणले. खरी गोष्ट अशी की त्या दिवशी तो रस्ता पहिल्याच तासात तोफांनी उखडला गेला होता आणि त्यावरून कुत्रंसुद्धा खाली आलं नव्हतं. पंचावन्न जखमी होते आणि पंचावन्नच्या पंचावन्न हवेतून आले. आणणारा होता गोणी.

गोणी म्हणजे तळावरचा कॅप्टन, वैमानिक. बघून कुणाला तसं वाटलं नसतं. बुटका, गोल, मान जवळजवळ नाहीच. खुर्चीत बसला की कुणीतरी धान्याचं पोतं टेकवून गेल्यासारखं दिसायचं, म्हणून हे नाव. बुटाच्या नाड्या बांधताना धापा टाकायचा आणि चहा निवला म्हणून कँटीनवाल्याशी भांडायचा. वर्तमानपत्रात फोटो छापावा असं त्याच्यात काहीच नव्हतं, आणि कार्यालयात बसणाऱ्यांना माणसाची पारख फोटोवरूनच करता येते.

त्या दिवशी जखमी वर चौकीजवळच्या दगडाच्या खाणीत पडले होते. उतरायची जागा माऱ्याखाली आहे, संध्याकाळी बघू, असं मुख्यालयाने वायरलेसवर सांगितलं. गोणीने ते ऐकून घेतलं, चहा संपवला आणि मिस्त्रीला म्हणाला, "सीटा काढा. दारं काढा. माझ्या सीटखालचा पोलादी पत्रासुद्धा काढा."

"तो पत्रा खालून येणाऱ्या गोळीसाठी आहे, साहेब."

"माझं बूड पुरेसं जाड आहे. त्या पत्र्याच्या वजनात एक माणूस येईल."

मिस्त्रीने पत्रा काढला, आणि माणसं भरायला कुणीतरी लागणारच म्हणून स्वतः मागे चढला. खाणीजवळ पोचले तेव्हा खालून असा मारा होत होता की मिस्त्रीने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मशीन जमिनीवर टेकलेलं होतं आणि गोणी मागे वळून ओरडत होता, "भरा, भरा, बघत काय बसलात?" उंचीवर त्या मशीनला सहा माणसांची परवानगी होती. मिस्त्रीने अकरा भरले. तिघे मागच्या भिंतीला पाय फाकवून बसवले, त्यांच्या पुढ्यात तिघे, चौघे आडवे, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी, आणि अकरावा दारात, पट्ट्याने बांधलेला, पाय बाहेर. मिस्त्री स्वतः गोणीच्या सीटशेजारी अंग चोरून उभा राहिला. मशीन उठेना. गोणीने ते खाणीच्या कडेवरून सरळ दरीत सोडून दिलं, आणि पडता पडता त्याला वेग आला तेव्हा कुठे ते उडालं.

तळावर आल्यावर दर खेपेला वजनाचा कागद भरावा लागे. किती माणसं आणली तो आकडा आणि खाली मिस्त्रीचा शिक्का. सहाच्या वर एक जरी माणूस लिहिला तरी मशीन खोलून तपासल्याशिवाय पुन्हा उडवायचं नाही असा नियम, आणि तपासायला पुरा दिवस जाई.

"किती आणले, मिस्त्री?" गोणीने विचारलं.

"अकरा."

"नीट मोजा."

मिस्त्रीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. वर अजून चव्वेचाळीस जण होते. "सहा," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

असं पाच वेळा झालं. पाचव्या खेपेला खाली उतरताना गिअरबॉक्स जळाला, तेल बाहेर आलं आणि मशीन धावपट्टीच्या कडेला आदळलं. जखमींपैकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गोणीच्या कपाळाला टाके पडले, ते त्याने ओरडत ओरडत घालून घेतले.

कागद फायलीत गेला की मेला, असं दोघं धरून चालले. कार्यालयात कधी न बसलेली माणसंच अशी चूक करतात. फायलीतला कागद मरत नाही, तो वाट बघतो. इस्पितळाच्या नोंदीत पंचावन्न जखमी होते, आणि धावपट्टीवरून त्यांना रुग्णवाहिकांनी नेलं म्हणून सगळ्यांच्या नावापुढे 'रस्त्याने' असंच लिहिलेलं होतं. वजनाच्या कागदांवर पाच खेपांचे तीस. राहिले पंचवीस. कर्नलसाहेबांना बाकी काही येत नसलं तरी वजाबाकी येत होती. वाहतूक विभाग त्यांचा होता, त्या दुपारी ट्रक सज्ज ठेवण्याचा त्यांच्या सहीचा हुकूम होता, आणि हुकूम निघाला म्हणजे ट्रक निघाले असं मानायला वरचे लोक एका पायावर तयार असतात. ट्रकचालकांना आठ-आठ दिवसांची रजा मिळाली. रजेवरून आलेल्या माणसाला फारसं काही आठवत नाही. जखमी कुठल्या कुठल्या गावांत आपापल्या खाटांवर पडलेले होते, त्यांना कुणी विचारलंच नाही.

इथवर सगळं मिस्त्रीने एक वेळ गिळलं असतं. पण तीन महिन्यांनी जळालेल्या गिअरबॉक्सची चौकशी लागली, आणि आता त्याच कागदाने गोणीचा गळा धरला. सहा माणसांत गिअरबॉक्स जळतो, याचा अर्थ काय? उडवणारा अडाणी. पुरं वजनही नसताना मशीन जाळणाऱ्या माणसाला पुन्हा हवेत सोडायचं कशाला? त्याचा परवाना काढून घ्यायचा आणि त्याला कोठारात खिळे मोजायला बसवायचं असं जवळपास ठरलंच होतं. कर्नलसाहेब व्हरांड्यात म्हणाले होते, "ध्यान बघा ना एकदा. हा काय उडवणार." सगळे हसले होते. हसणाऱ्यांत साहेबांचे दोन मदतनीस होते, त्यांची नेमणूक बहुधा त्याच कामासाठी झाली असावी.

चौकशीला बाहेरून एक ब्रिगेडियर आले होते. वाळकेसे, गुडघ्याच्या दुखण्याने बेजार, केव्हा एकदा घरी जातो असं झालेले. पहिल्या दिवशी त्यांनी मिस्त्रीला एवढंच विचारलं, "शिक्का तुमचाच?" मिस्त्री म्हणाला, "हो." मग त्यांनी गोणीला विचारलं, "चूक तुमची?" गोणी म्हणाला, "माझी." आणि सही करून मोकळा झाला.

मिस्त्री तिथून बाहेर पडला तो धुमसतच. हवेत एवढा वाघ, आणि टेबलापुढे शेपूट घालतो? मान्य आहे, आपणही तोंड उघडलं नाही. पण आपण साधे मिस्त्री. हा तर साहेब आहे, याच्या खांद्यावर फिती आहेत, याला कोण खातंय? स्वतःचा राग माणसाला फार वेळ धरून ठेवता येत नाही, समोर दुसरा कुणी सोयीचा असला की तो तिकडे वळतो. दुपारी मिस्त्री गोणीच्या घरी त्याला चार शब्द सुनवायला गेला.

दार गोणीच्या थोरल्या बहिणीने उघडलं. ती शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीला लागून तिचं मशीन, त्याच्या पायाशी कातरणांचा ढीग, खुंटीवर कुणाकुणाचे अर्धे शिवलेले झगे. तिने मिस्त्रीला स्टूल दिलं आणि पुन्हा आपल्या कामाला बसली. मांडीवर गोणीचा गणवेशाचा शर्ट होता. छातीवरचा वैमानिकाच्या पंखांचा बिल्ला ती ब्लेडने उसवत होती, एक एक टाका, कापडाला इजा न करता.

"हे काय, ताई?"

"उद्या हुकूम येणार म्हणे. दुसऱ्या कुणी ओरबाडून काढण्यापेक्षा मीच काढते. शिवला मीच होता."

मिस्त्री काय सुनवायला आलाय तेच विसरला. मग आठवलं. "साहेब गप्प का बसले? एवढं करून वर चूक माझी म्हणून सही? आम्हाला लाज वाटते, ताई."

ताईने ब्लेड थांबवलं. तिचंही तोंड काही गोड नव्हतं. "लाज वाटते ना? चांगलंय. तुमच्यासाठीच गप्प बसलाय तो. आकडा मी सांगितला, पण लिहिला मिस्त्रीने, म्हणतो. खोटा शिक्का निघाला तर मिस्त्रीला घरी पाठवतील, बावीस वर्षं पाण्यात. माझं काय, खुर्चीत बसूनही मी जगेन, म्हणतो. लहानपणापासून हेच. दुसऱ्याच्या डोक्यावर ओझं दिसलं की हा धावला. स्वतःची चप्पल कुठे काढलीय ते मात्र याला माहीत नसतं."

आतल्या खोलीतून गोणी आला. पायात दोन वेगळ्या चपला होत्या. "मिस्त्री, चहा घेणार? हिच्या हातचा गरम तरी असतो."

"साहेब, मी उद्या अकरा सांगणार."

"सांगा. मी सहा म्हणेन. तुमचा कागदही सहाच म्हणतो. दोघं विरुद्ध एक."

"तुम्हाला अक्कल आहे का?" बावीस वर्षांत मिस्त्री कुठल्याही साहेबाशी असं बोलला नव्हता.

"बेताचीच आहे," गोणी म्हणाला. "बसा, साखर किती?"

मिस्त्री चहा न घेताच निघाला. घरी बायकोने विचारलं, काय झालं, तर तिच्यावर खेकसला. ती म्हणाली, घरात एवढा आवाज निघतो, तो तिकडे का नाही काढत? त्यावर तो न जेवताच आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीच्या खोलीत निकाल लिहून तयार होता, सही तेवढी व्हायची होती. मिस्त्री न बोलावता आत शिरला. "साहेब, सहा नव्हते. दर खेपेला अकरा होते. कागद मी खोटा लिहिला."

ब्रिगेडियरांनी चष्मा काढला. ते काही बोलायच्या आत कर्नलसाहेब हसले. त्यांना खरं तर तिथे काही काम नव्हतं, पण पदक मिळणारा माणूस कुठेही बसू शकतो. "अकरा? त्या डब्यात? सहा बसले तरी कोंबल्यासारखे होतात. आणि जो माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतोय की मी पाच वेळा खोटं लिहिलं, त्याचं सहाव्यांदा खरं मानायचं?"

ब्रिगेडियरांनी निकालासाठी बोलावलेल्या गोणीकडे पाहिलं. "कॅप्टन, किती?"

"सहा," गोणी खाली बघत म्हणाला.

मिस्त्रीने दात आवळले. "मग अकरा मावतात की नाही, तेवढं तरी बघा, साहेब. मशीन हँगरमध्येच आहे. तुम्हीच बसून बघा."

जेवायला अजून तास होता. ब्रिगेडियर उठले. "चला. मीही बसतो." आता ब्रिगेडियरच म्हणाले मी बसतो, तेव्हा कर्नलसाहेब कुठल्या तोंडाने मागे राहणार?

मशीन त्या दिवशी होतं तसंच होतं, दारं नाहीत, सीटा नाहीत, तळाला तेलाचे काळे डाग. मिस्त्रीने गोणीला त्याच्या सीटवर बसवलं, तोंड पुढे. मग तो माणसं मोजू लागला. ब्रिगेडियर, चौकशी समितीतले दोन अधिकारी, कारकून, कर्नलसाहेब, त्यांचे दोन मदतनीस, कोठारपाल, दोन पहारेकरी. दहा भरले. चहाची किटली घेऊन कँटीनवाला आला होता, त्याला किटली खाली ठेवायला लावून अकरावा केला.

"साहेब, तुम्ही भिंतीला टेका. पाय फाकवा. इथे तोफखान्याचा एक हवालदार होता, खांदा फुटलेला. पुढ्यातल्याला त्याने दुसऱ्या हाताने धरून ठेवलं होतं. हे कारकून तुमच्या पुढ्यात. धरा त्यांना." ब्रिगेडियरांनी कारकुनाला धरलं. कारकुनाला कुठे बघावं ते कळेना. "तुम्ही इथे आडवे. इथे होता त्याला गुडघ्याखाली पाय नव्हता. तुम्ही उलटे, डोकं यांच्या बुटांशी. कँटीनवाले, तुम्ही दारात बसा, पाय बाहेर, पट्टा घट्ट धरा. आणि कर्नलसाहेब, तुम्ही सगळ्यात आत. वैमानिकाच्या सीटमागे, आडवे."

"इथे तेल आहे," कर्नलसाहेब म्हणाले.

"तेव्हाही होतं. तुमच्या जागी जो होता, त्याच्या पोटात लागलं होतं. सारखा पाणी मागत होता. पोटातल्या जखमेला पाणी देत नाहीत, म्हणून मी दिलं नाही."

कर्नलसाहेब एकदाचे आडवे झाले. अकराही माणसं मावली. मिस्त्री बाहेर उभा राहून बघत होता. धडधाकट, पोटभर नाश्ता केलेली अकरा माणसं, हँगरच्या सावलीत, वर एक गोळीसुद्धा नाही, आणि आतून आवाज काय येत होते? कुणाचं कोपर लागत होतं. कुणाचा पाय झोपला होता. एक मदतनीस म्हणाला, मला गुदमरतंय. कर्नलसाहेबांचं तर तोंडच थांबेना. पँट खराब झाली, या माणसाच्या मोज्यांना वास येतो, हा काय पोरखेळ चाललाय, किती वेळ असं ठेवणार, मी याची तक्रार करणार आहे. लोळण घेतलेल्या हट्टी पोराला फटका द्यावा तसा एक द्यावा, असं मिस्त्रीला फार वाटलं.

भिंतीशी बसलेले ब्रिगेडियर कारकुनाच्या डोक्यावरून म्हणाले, "कॅप्टन, असंच होतं का?"

गोणी पाठमोरा बसला होता. त्याचे दोन्ही हात, काही कारण नसताना, मशीन उडवायच्या दांड्यांवर होते. मागे कर्नलसाहेबांनी पुन्हा पँटचा विषय काढला.

"नाही, साहेब," गोणी म्हणाला.

मिस्त्री मनात चडफडला. एवढं करून हा माणूस पुन्हा तेच.

"अशी कुरकुर नव्हती," गोणी म्हणाला. एकदा सुरू झाल्यावर त्याला आवरेना. "पाच खेपांत मिळून एवढी कुरकुर नव्हती. तो पोटात लागलेला पाणी मागायचा आणि दर वेळी आधी सॉरी म्हणायचा. दारात होता तो मला विचारत होता, साहेब, माझ्या वजनाने मशीन खाली तर जात नाही ना, जात असेल तर पट्टा सोडा. अकरा होते, साहेब. दर खेपेला अकरा. आकडा मी सांगितला, यांनी लिहिला. पहिल्याच खेपेला खरं लिहिलं असतं तर चव्वेचाळीस जण वर मेले असते."

कर्नलसाहेबांना पँटचा विसर पडला.

"कर्नल," ब्रिगेडियर बसल्या जागेवरूनच म्हणाले, "मग तुमच्या ट्रकमध्ये कोण होतं?"

दोन्ही मदतनिसांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि या वेळी हसावं की नाही ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

माणसं एकेक करून उतरली. ब्रिगेडियरांना गुडघ्यामुळे वेळ लागला. खाली उतरल्यावर त्यांनी कारकुनाकडून निकालाचा कागद घेतला, 'वैमानिकाची चूक' या शब्दांवर उभ्याउभ्याच रेघ मारली आणि बाजूला स्वतःच्या हाताने 'अकरा' लिहिलं. मग मिस्त्रीपुढे तळहात धरला. "शिक्का द्या."

मिस्त्रीने खिशातून शिक्का काढून दिला. बावीस वर्षांत पहिल्यांदा खिसा हलका लागला, आणि त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते मनाला पुष्कळच जास्त लागलं. गोणी सीटवरून वळून बघत होता, तोंड रडवेलं करून. "मी सांगितलं होतं तुम्हाला गप्प बसायला," तो म्हणाला.

"तुम्ही तरी कुठे गप्प बसलात?" मिस्त्री म्हणाला.

सगळे आपापले कपडे झटकत बाहेर निघाले. कर्नलसाहेब सगळ्यात आत होते म्हणून सगळ्यात मागे राहिले. तेलावरून त्यांचा बूट घसरत होता, उठायला गेले की पुन्हा बसत होते, आणि दोघांतला एकही मदतनीस जवळ आला नाही. मिस्त्री दोन हात अंतरावर उभा राहून मजा बघत होता. गोणी धापा टाकत आपल्या सीटवरून उतरला, वळसा घालून दाराशी आला, आत वाकला आणि साहेबांपुढे हात केला. मिस्त्रीने जन्मात केला नसता.